सक्तीचा अधिकार, सेवेचे कर्तव्य

साथीचे रोग अधिनियम, १८९७ हा एका पानात मावणारा कायदा. मूळ मसुद्यात कलमे चारच. पहिले नावाचे. दुसऱ्याने सरकारला मुभा दिली, की नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर साथ रोखण्यासाठी योग्य वाटतील ते उपाय योजावेत आणि नियम घालावेत. तिसऱ्याने नियम मोडणाऱ्याची शिक्षा ठरवली. चौथ्याने सांगितले, की सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. रोग्याला औषध कोण देईल, खाट कोण देईल, घरातला कमावता माणूस विलगीकरणाच्या छावणीत नेला तर मागे राहिलेल्यांच्या पोटाचे काय, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या ४ फेब्रुवारीला हा कायदा झालासुद्धा. २००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा महाराष्ट्राने तोच बाहेर काढला. मार्च २०२०मध्ये कोरोना आला तेव्हाही राज्यांच्या हाती आधी हाच कायदा लागला.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या निकालांवर आणि वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे. आपल्याकडे आरोग्याच्या नावाने नागरिकावर सक्ती करण्याचा अधिकार सरकारला कायद्याने फार आधी आणि फार मोकळेपणाने मिळाला. नागरिकाच्या आरोग्याची सेवा करण्याचे कर्तव्य मात्र कायद्याने सरकारवर अजून पुरते टाकलेले नाही. या दोहोंमध्ये जी पोकळी राहिली तिथे न्यायालये उभी राहिली. त्यांनी काही वेळा फार मोठे काम केले, काही वेळा सरकारच्या भीतीत स्वतःची भीती मिसळली आणि काही वेळा उत्तम आदेश दिले, जे कागदावरच राहिले. आरोग्य, राजकारण आणि न्यायालये या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो तो यासाठी.

पुण्याच्या प्लेगची हकिगत मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते, पण ती बहुधा क्रांतिकारकांच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून. कायद्याच्या बाजूने ती पुन्हा वाचायला हवी. साथ खोटी नव्हती. माणसे खरोखर मरत होती आणि रोग्याला वेगळे ठेवण्याची गरजही खरी होती. चूक झाली ती पद्धतीत. वॉल्टर चार्ल्स रँडच्या अध्यक्षतेखालच्या समितीने गोऱ्या सैनिकांकडून घरे तपासली. माजघरात, देवघरात माणसे शिरली, सामान बाहेर फेकले गेले, आणि दाद मागायची तर कुठे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. छावणीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्राला पत्र लिहिले. २२ जून १८९७ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आरोग्याचा एक आदेश, त्यातून उसळलेला राजकीय संताप आणि त्यावर न्यायालयाने सरकारच्या बाजूने केलेले शिक्कामोर्तब, अशी ती साखळी होती. लोकांचा विश्वास सोबत न घेता केलेली सक्ती रोगाशी लढताना लोकांनाच रोगाच्या बाजूला ढकलते. घरोघरी रोगी लपवले गेले ते त्यामुळेच.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला होता. सेवा करता करता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एकच, शहर एकच. एकीकडे सगळा अधिकार हाती असलेली समिती, दुसरीकडे कसलाही अधिकार नसताना कर्तव्य अंगावर घेतलेली बाई. आपल्या कायद्याने त्यातल्या पहिल्या गोष्टीची नोंद केली. दुसरीला कायद्याचे रूप देण्याचे काम अजून बाकी आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली, मूलभूत हक्क आले. पण साथीच्या भीतीपुढे ते हक्क किती टिकतात, याची परीक्षा गोव्यात झाली. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्तात एचआयव्ही आढळल्यावर पोलीस त्याला घेऊन गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नुकतीच झालेली दुरुस्ती दाखवून त्याला म्हापशाला, क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेले. हा विषाणू स्पर्शाने किंवा हवेतून पसरत नाही, हे तोवर वैद्यकशास्त्राला पक्के माहीत होते. त्याची आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेली. न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांच्यात संघर्ष झाला तर व्यक्तीच्या हक्काने माघार घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने सावकाश वाचावा. त्यात दुष्टपणा नाही, भीती आहे. सार्वजनिक हित हे दोन शब्द उच्चारले की पुढचे सगळे प्रश्न थांबतात, अशी समजूत आहे. या उपायाने रोग खरोखर थांबतो का, याहून कमी कठोर उपाय आहे का, कोंडून ठेवण्याआधी त्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकले का, हे प्रश्न पुरेशा नेटाने विचारलेच गेले नाहीत. सुदैवाने गोष्ट तिथे संपली नाही. १९९७मध्ये त्याच मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितले, की कामाला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या अर्जदाराला नाव न उघडता याचिका चालवण्याची मुभाही मिळाली. पुढे वीस वर्षांनी, २०१७मध्ये, संसदेने एचआयव्ही व एड्सविषयी वेगळा कायदा केला. त्यात संमतीशिवाय चाचणी नाही, गुप्तता राखायची, भेदभाव करायचा नाही, अशी बंधने आली. न्यायालये शिकतात, कायदेमंडळेही शिकतात. पण त्या शिकण्याची किंमत ज्याने मोजली तो तरुण १९९२ सालीच वारला होता.

कोरोनाच्या काळात हा धडा पुन्हा उपयोगी पडला. ऑगस्ट २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात राजकीय सत्ता बळीचा बकरा शोधू पाहते आणि या लोकांना तसे निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, असे खंडपीठाने नोंदवले. ज्या महिन्यांत रस्त्यावर, सोसायटीत, भाजीच्या गाडीपाशी माणसांना धर्म विचारला जात होता, त्या महिन्यांत हे लिहायला धैर्य लागत होते. मे २०२२मध्ये जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू तोलल्या. सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही, पण कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. समाजाच्या आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याच्या आधाराने, योग्य हेतूने आणि गरजेपुरतेच असले पाहिजेत. गोव्याच्या निकालाशी हा निकाल ताडून पाहिला, की तीस वर्षांत न्यायालयीन विचार कुठून कुठे आला ते दिसते.

सक्तीची बाजू अशी हळूहळू शिस्तीत येत असताना सेवेच्या बाजूचे काय झाले?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ने पोषणमान, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत घातले. म्हणजे त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. सातव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने राज्यसूचीत ठेवले. कराचा मोठा ओघ केंद्राकडे आणि दवाखान्याचा खर्च राज्याकडे, ही ओढाताण तेव्हापासूनची. कर्तव्य आहे, पण ते नेमके कोणाचे आणि न पाळल्यास काय, हे कोणत्याही एका कायद्यात स्पष्ट नाही. म्हणून माणसे न्यायालयात गेली, आणि न्यायालयांनी जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१मधून आरोग्याचा हक्क काढून दिला.

मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात उघड्या गटारांनी आणि दारूच्या कारखान्याच्या सांडपाण्याने हैराण झालेल्या रहिवाशांनी नगरपालिकेला न्यायालयात खेचले. पैसे नाहीत, हा पालिकेचा बचाव. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला. माणसाच्या प्रतिष्ठेशी निगडित किमान सोयींसाठी तिजोरीकडे बोट दाखवता येणार नाही, असे त्यांनी बजावले. १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपघातातल्या जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. हे बंधन सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांवर आहे. बंगालमधल्या एका शेतमजुराला १९९२मध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कलकत्त्यातल्या मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवले गेले. कुठे खाट नव्हती, कुठे यंत्र नव्हते. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये भरून उपचार झाले. शेतमजुरांची संघटना त्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६च्या निकालाने त्याला २५ हजारांची भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१चा भंग ठरवला.

हे तिन्ही निकाल डोळ्यांत पाणी आणणारे आहेत. तरी भाष्यकाराने तिथे थांबू नये. अवघ्या दोन वर्षांत, १९९८मध्ये, पंजाबच्या एका प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची भरपाई ठरवताना राज्याला आपली आर्थिक कुवत पाहता येते. एका निकालात पैशांचे कारण चालत नाही, दुसऱ्यात चालते. याला न्यायालयाची धरसोड म्हणणे सोपे आहे. खरे कारण खोल आहे. समोर उभ्या असलेल्या रुग्णाला न्याय देताना न्यायालयाला उदार होता येते, पण सगळ्या रुग्णांची मिळून तरतूद करण्याचे साधन त्याच्याकडे नाही. अर्थसंकल्प विधानसभेत मंजूर होतो. डॉक्टरांची भरती, औषधांची खरेदी, तालुक्याच्या रुग्णवाहिकेचे डिझेल हे सगळे सरकारच्या सहीने चालते.

महाराष्ट्रात याची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. पहिले धर्मादाय रुग्णालयांचे. करसवलत, जमीन, इतर फायदे घेणाऱ्या या रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये योजना घालून दिली. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. न्यायालयाच्या आदेशाने इतके नेमके आकडे ठरलेली योजना देशात विरळाच. तरीही आजही रुग्णाचे नातेवाईक आमदाराची चिठ्ठी, मंत्रालयातला फोन किंवा एखाद्या कार्यकर्त्याची ओळख शोधत हिंडतात. जो आदेशाने हक्क झाला आहे, तो व्यवहारात उपकार म्हणून मिळतो. राजकारणाला ही व्यवस्था सोयीची आहे, कारण उपकाराची मते होतात. हक्काची अंमलबजावणी झाली तर आभार कोणाचे मानायचे, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरे उदाहरण नांदेडचे. सप्टेंबर २०२३च्या अखेरीस तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात २४ जण दगावले. त्यांतली निम्मी नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत जे पुढे आले ते कोणाला नवे नव्हते: रिक्त पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, औषधांच्या खरेदीतला गोंधळ. औषध खरेदीसाठी राज्याने कायद्याने नवे प्राधिकरण उभे केले होते, पण त्याला पूर्णवेळ मुख्य अधिकारी नव्हता. न्यायालयाला तो नेमा म्हणून सांगावे लागले. एका राज्याच्या आरोग्य खात्यातली खुर्ची भरण्याचा आदेश उच्च न्यायालयाने द्यावा लागणे, हे न्यायालयाच्या जागरूकतेचे लक्षण आहे आणि विधानसभेच्या निष्काळजीपणाचेही. मेळघाटातल्या बालमृत्यूंविषयी तर याच न्यायालयात १९९०च्या दशकापासून याचिका येत आहेत. प्रतिज्ञापत्रे दाखल होतात, समित्या जातात, अहवाल येतात. पावसाळा आला की पुन्हा तीच बातमी येते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सर्वोच्च न्यायालयाने सेवा आणि सक्ती या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात हाताळल्या. ३० एप्रिल २०२१च्या त्या आदेशाने ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा हिशेब मागितला. स्थानिक रहिवासाचा पुरावा नाही म्हणून कोणाला दाखल करून घेणे नाकारू नये, असे सांगितले. आणि समाजमाध्यमांवर खाट, सिलिंडर मागणाऱ्यांवर अफवेचे गुन्हे दाखल केल्यास तो न्यायालयाचा अवमान मानू, अशी ताकीदही दिली. मदत मागणाऱ्याला गप्प करणे आणि मदत न पोहोचवणे ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत, हे त्या आदेशाने ओळखले. पुढे लशीच्या किमती आणि वाटपाच्या धोरणावर न्यायालयाने बोट ठेवले. जूनच्या सुरुवातीला १८ ते ४४ वयाच्या लोकांकडून पैसे घेण्याचे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन असल्याचे नोंदवले. काही दिवसांतच केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस जाहीर केली. न्यायालयाचा प्रश्न आणि सरकारचा फेरविचार यांचा असा मेळ पडला, तर आदेशाचे फळ लोकांच्या दंडापर्यंत पोहोचते.

याच्या उलट बाजूही त्याच काळात दिसली. महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांच्या खाटा ताब्यात घेतल्या, दर बांधले. कोरोना नसलेल्या रुग्णांच्या दरांवरही मर्यादा घातली, तेव्हा नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितले, की सध्याच्या कायद्यांतून सरकारला हा अधिकार मिळत नाही. हेतू चांगला होता, पण त्याच्या पायाशी कायदा नव्हता. साथीच्या कायद्याने साथीपुरती सत्ता दिली होती. नेहमीच्या दिवसांत, नेहमीच्या आजारात रुग्णाला लुबाडणुकीपासून वाचवण्याचा कायदा कोणी केलाच नव्हता.

करू म्हटले तर कायदा होतो. मद्रास प्रांताने १९३९मध्येच सार्वजनिक आरोग्याचा कायदा करून स्थानिक संस्थांवर पाणी, निचरा, साथनियंत्रणाची कर्तव्ये टाकली. तमिळनाडूत तो आजही पाया आहे. केरळने २०२३मध्ये जुने कायदे एकत्र करून नवा केला. राजस्थानने त्याच वर्षी आरोग्याचा हक्क कायद्यात लिहिला. तातडीच्या उपचारासाठी आधी पैसे मागायचे नाहीत, हे त्याचे सार. डॉक्टरांनी मोठे आंदोलन केले, तडजोडी झाल्या, मग सरकार बदलले आणि नियम रखडले. केंद्रात २०१५च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्यहक्काच्या कायद्याचा विचार मांडला होता. २०१७मध्ये अंतिम धोरण आले तेव्हा तो गळला. उरले ते २०२५पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट. योजना मात्र भरपूर आल्या, आणि त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण योजना शासन निर्णयाने येते, नाव बदलते, यादी बदलते आणि एखाद्या सकाळी बंदही होऊ शकते. तिच्या भरवशावर नागरिकाला न्यायालयात ठामपणे उभे राहता येत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात १८९७चा कायदा अपुरा असल्याचे सांगून सर्वंकष दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला. ही संधी आहे आणि धोकाही. नवा कायदा केवळ अधिक कडक शिक्षा आणि अधिक विस्तृत अधिकार घेऊन आला, तर आपण सव्वाशे वर्षांची चूक नव्या छपाईत करू. प्रत्येक निर्बंधाला मुदत हवी, तो विधिमंडळापुढे ठेवला गेला पाहिजे, त्याचे कारण लोकांच्या भाषेत जाहीर झाले पाहिजे, आणि विलगीकरणात ठेवलेल्या माणसाचा रोजगार बुडाला तर भरपाई मिळाली पाहिजे. तालुक्याच्या पातळीवर तक्रार ऐकणारी यंत्रणा हवी. आणि सरकारने काय पुरवायचे याची यादी, सरकारला काय करता येईल या यादीइतकीच स्पष्ट हवी.

या पुस्तकातल्या भाष्यांनी प्रत्येक निकालाला तीन प्रश्न विचारले आहेत. सरकारने कोणता अधिकार वापरला आणि तो कायद्यात कुठे होता? कोणाचे कोणते कर्तव्य न्यायालयाने मान्य केले? आणि निकालानंतर प्रत्यक्षात काय झाले? तिसरा प्रश्न कायद्याच्या नियतकालिकांत सहसा विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर निकालपत्रात सापडत नाही. ते जिल्हा रुग्णालयाच्या औषधसाठ्याच्या नोंदवहीत, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि आशाताईंच्या रजिस्टरमध्ये सापडते.

म्हणून हे लेखन केवळ वकिलांसाठी नाही. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत येतात, त्यांचे परिणाम मात्र मराठीत जगणाऱ्या माणसांवर होतात. सरपंच, परिचारिका, वार्ताहर, शिक्षक, रुग्णहक्कासाठी झटणारे कार्यकर्ते आणि उद्या निवडणुकीला उभे राहणारे तरुण यांच्या हाती हे पुस्तक जावे, ही मनापासूनची इच्छा आहे. न्यायालयाने दिलेला हक्क टिकतो तो त्याचा पाठपुरावा करणाऱ्यांमुळे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. जवळच्या धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्ण निधीतून किती खर्च झाला, ते विचारा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, की आरोग्याच्या हक्काचा कायदा विधानसभेत कधी मांडणार. त्या प्रश्नाला टाळाटाळ होईल तोवर तो विचारत राहा. न्यायालयांनी आपल्या परीने बरेच केले. जे काम कायदेमंडळाचे आहे ते कायदेमंडळाकडून करून घेण्याची जबाबदारी आता आपली आहे.